चार बाजू पुरत नाहीत: वाकड्यातिकड्या प्लॉटचं क्षेत्रफळ कसं काढायचं

“मॅडम, चारही बाजू मोजून ठेवल्यात, तुम्ही फक्त क्षेत्रफळ काढून द्या.” असा निरोप आला की मी एकच प्रश्न विचारते: कर्ण मोजलात का? कर्ण म्हणजे समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांमधलं तिरकं अंतर. बहुतेक वेळा तो मोजलेला नसतो. मग काम तिथेच थांबतं, कारण नुसत्या चार बाजूंवरून चौकोनाचं क्षेत्रफळ काढता येत नाही. मलाही नाही आणि कॅल्क्युलेटरलाही नाही.

मी कळव्याला राहते. सिव्हिलचा डिप्लोमा केल्यापासून ठाणे आणि नवी मुंबईत खासगी मोजणीची कामं करते. सिडकोने आखलेल्या सेक्टरमध्ये काम सोपं असतं. प्लॉट बहुधा आयताकृती, लांबी गुणिले रुंदी केली की झालं. घणसोली, गोठिवली, तळवली ही गावं मात्र सिडकोच्या कितीतरी आधीची. तिथल्या गावठाणात भिंत शेजारच्या ओट्याला वळसा घालून जाते, गल्ली मधेच अरुंद होते आणि काटकोन शोधून सापडत नाही. नौपाड्यातल्या जुन्या सोसायट्यांची आवारंही फार वेगळी नाहीत, एक बाजू रस्तारुंदीत गेलेली आणि दुसरी नाल्याच्या कडेने वाकलेली. खाली लिहिलेलं सगळं अशा जागांसाठी आहे. टेप, कागद, मोबाईलमधला कॅल्क्युलेटर आणि टेपचं दुसरं टोक धरायला एक माणूस एवढं असलं की पुरे.

आधी कर्ण का लागतो ते बघू. चार लाकडी पट्ट्या घ्या, टोकाला टोक जुळवून प्रत्येक कोपऱ्यात एकच खिळा ठोका. आता चौकट बाजूला ढकला. ती कलंडते. पट्ट्यांची लांबी तीच राहते, पण आतली जागा कमी होत जाते आणि शेवटी चौकट अगदी चपटी होते. तीन पट्ट्यांचा त्रिकोण करा आणि कितीही ढकला, तो हलत नाही. म्हणून त्रिकोणाच्या तीन बाजू सांगितल्या की क्षेत्रफळ ठरतं, चौकोनाच्या चार सांगून ठरत नाही. चौकटीत तिरकी पट्टी ठोकली की तीही हलायची थांबते. ती पट्टी म्हणजे कर्ण. सुतार दाराच्या चौकटीला तात्पुरती तिरकी फळी मारतो तीही याचसाठी.

भास्कराचार्यांनी हे ११५० मध्ये, ‘लीलावती’त, फार झोंबेल असं लिहून ठेवलंय. लंब किंवा कर्ण यांपैकी एकही न सांगता चौकोनाचं नक्की क्षेत्रफळ विचारणारा माणूस पिशाच आहे, आणि त्याला उत्तर देणारा त्याहून मोठा, असा त्यांचा निवाडा. मी गिऱ्हाइकाला इतकं बोलू शकत नाही, पण मनात येतं.

दलाली हिशोब

गावठाणात एक हिशोब सर्रास चालतो. समोरासमोरच्या दोन बाजूंची सरासरी घ्यायची, उरलेल्या दोन बाजूंची सरासरी घ्यायची आणि दोन्हींचा गुणाकार करायचा. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये हाच हिशोब दिला आहे, पण तो स्थूल आहे असं सांगून. आपल्याकडे तो सांगण्याचा भाग गळला आणि आकडा तेवढा उरला.

या हिशोबाची खोड लक्षात ठेवा. तो नेहमी जास्तच दाखवतो. जागा अगदी आयताकृती असेल तरच बरोबर येतो, नाहीतर क्षेत्र फुगतं. कमी कधीच दाखवत नाही. विकणाऱ्याला तो का आवडतो हे वेगळं सांगायला नको. फुटावर पैसे घेणाऱ्या फरशीच्या ठेकेदारालाही तो आवडतो.

उदाहरण घेऊ. हिशोब स्वच्छ दिसावा म्हणून आकडे मी सोपे निवडले आहेत, आकार मात्र गावठाणात दिसतो तसाच आहे. कोपऱ्यांना क, ख, ग, घ अशी नावं द्या, ओळीने फिरत. कख ३९ फूट, खग ४२ फूट, गघ २८ फूट आणि घक ५३ फूट.

सरासरीने: ३९ आणि २८ ची सरासरी ३३.५, ४२ आणि ५३ ची ४७.५. गुणाकार १५९१ चौरस फूट. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, तेव्हा दलाल म्हणणार, “दीड गुंठा धरा.”

आता कर्ण मोजू. क ते ग अंतर भरलं ४५ फूट. चौकोनाचे दोन त्रिकोण झाले: ३९, ४२, ४५ हा एक आणि ४५, २८, ५३ हा दुसरा. तीन बाजूंवरून त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढायला हीरोचं सूत्र आहे, शाळेत शिकलेलं. तीन बाजूंची बेरीज करून निम्मी करा, ही अर्धपरिमिती. तिच्यातून एकेक बाजू वजा करून तीन आकडे काढा. अर्धपरिमिती आणि हे तीन, अशा चार आकड्यांचा गुणाकार करा आणि त्याचं वर्गमूळ घ्या.

पहिला त्रिकोण: ३९ + ४२ + ४५ = १२६, निम्मे ६३.
६३ − ३९ = २४, ६३ − ४२ = २१, ६३ − ४५ = १८.
६३ × २४ × २१ × १८ = ५,७१,५३६. वर्गमूळ ७५६.

दुसरा त्रिकोण: ४५ + २८ + ५३ = १२६, निम्मे पुन्हा ६३.
६३ − ४५ = १८, ६३ − २८ = ३५, ६३ − ५३ = १०.
६३ × १८ × ३५ × १० = ३,९६,९००. वर्गमूळ ६३०.

एकूण १३८६ चौरस फूट, म्हणजे सव्वा गुंठ्याच्या किंचित वर. सरासरीच्या हिशोबाने दोनशे पाच चौरस फूट हवेतून आणले. घणसोलीत दोनशे फुटांत एक खोली, मोरी आणि वर चढायचा जिना बसतो.

याहून गमतीची गोष्ट पुढे आहे. चारच बाजू ठाऊक असताना नक्की उत्तर मिळत नाही, पण जास्तीत जास्त किती होऊ शकेल ते सांगता येतं. चारही कोपरे एकाच वर्तुळावर पडतील असा चौकोन मांडला की क्षेत्र सर्वांत मोठं होतं, आणि त्याचं सूत्र ब्रह्मगुप्ताचंच. अर्धपरिमितीतून चारही बाजू वजा करायच्या, त्या चार आकड्यांचा गुणाकार आणि वर्गमूळ. इथे अर्धपरिमिती ८१, वजाबाक्या ४२, ३९, ५३, २८, आणि उत्तर येतं साधारण १५५९. म्हणजे या चार बाजूंच्या कुंपणात, कुठेही, कशीही वळवा, १५५९ पेक्षा जास्त जागा मावूच शकत नाही. आणि दलाल सांगतोय १५९१! व्यवहाराच्या बैठकीत कर्ण मोजायला वेळ नसेल तर निदान एवढा हिशोब मोबाईलवर करून दाखवा. बोलणं लगेच जमिनीवर येतं.

कोणता कर्ण आणि का

दोन्ही मोजा. हिशोबाला एक, पडताळ्याला दुसरा. वरच्या चौकोनात ख ते घ अंतर ६६ फूट पावणेसात इंच यायला हवं. त्या कर्णाने पाडलेल्या दोन त्रिकोणांची बेरीज १३८६ च्या आसपास आली तर मोजमाप पक्कं. वीस-पंचवीस फुटांचा फरक निघाला तर एखादी बाजू चुकली आहे, पुन्हा टेप ओढा. पडताळा न करता आकडा कुणाच्या हातात देऊ नये असं माझं ठाम मत आहे, मग समोरचा कितीही घाईत असो.

हिशोबाला शक्यतो लहान कर्ण घ्यावा. मोठा कर्ण घेतला की एक त्रिकोण लांबट आणि चपटा पडतो, आणि चपट्या त्रिकोणात मोजमापाची बारीक चूक मोठी होते. याच प्लॉटवर एका इंचाची चूक लहान कर्णात झाली तर क्षेत्रात सुमारे दोन चौरस फुटांचा फरक पडतो, तीच चूक मोठ्या कर्णात झाली तर पावणेचार फुटांचा.

पाच-सहा कोपरे असले तरी पद्धत हीच. एका कोपऱ्यातून बाकीच्या कोपऱ्यांकडे कर्ण काढत जा. पाच कोपऱ्यांचे तीन त्रिकोण होतात, सहाचे चार. मापं किती लागतील हे आधीच ठरवता येतं: कोपऱ्यांच्या दुपटीतून तीन वजा करा. चार कोपऱ्यांना पाच, पाचांना सात, सहांना नऊ. वहीत तेवढी मापं नसतील तर साईटवरून निघू नका, घरी येऊन पुन्हा कळवा-ऐरोली फेरी घडते. फक्त एखादा कोपरा आत घुसलेला असेल तर जपून. तिथे काही कर्ण प्लॉटच्या बाहेरून, शेजाऱ्याच्या अंगणातून जातात. अशा वेळी आत घुसलेल्या कोपऱ्यापासूनच कर्ण काढायला सुरुवात करा, बहुतेक वेळा निभतं.

मध्ये घर उभं असेल तर?

खरी अडचण ही. गावठाणात प्लॉटभर घर असतं, कर्ण जाणार कुठून? स्वयंपाकघरातून? तेव्हा कोपऱ्याचा कोन टेपनेच मोजायचा.

ख या कोपऱ्यापासून दोन्ही भिंतींवर सहा-सहा फुटांवर खडूने खूण करा आणि त्या दोन खुणांमधलं सरळ अंतर मोजा. समजा ते ६ फूट ७ इंच आणि सात सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) भरलं, म्हणजे ६.६५६ फूट. त्याचा वर्ग ४४.३, त्याला ७२ ने भागा (सहाच्या वर्गाची दुप्पट), ०.६१५ आले. ते १ मधून वजा करा, उरले ०.३८५. ही त्या कोनाची कोसाइन. आता कर्णाचा वर्ग म्हणजे दोन्ही भिंतींच्या वर्गांची बेरीज, वजा दोन्ही भिंतींच्या गुणाकाराची दुप्पट गुणिले कोसाइन: १५२१ + १७६४ − ३२७६ × ०.३८५. उत्तर २०२४ च्या जवळ, वर्गमूळ ४५. घराच्या आत पाऊल न टाकता कर्ण मिळाला.

हे कोपऱ्याच्या आतून झालं. कोपरा बाहेरूनच हाताशी येत असेल तर एक भिंत दोरीने तिच्याच रेषेत कोपऱ्याच्या पुढे सहा फूट वाढवा, दोरीच्या टोकापासून दुसऱ्या भिंतीवरच्या खुणेपर्यंत मोजा, हिशोब तोच करा आणि शेवटी कोसाइनचं चिन्ह उलटं करा. वरच्या कोपऱ्यावर हे माप ९.९८ फुटांच्या आसपास भरेल.

या युक्तीला मर्यादा आहे. सहा फुटांवर झालेली सुताभराची चूक बेचाळीस फुटांच्या टोकाला सात सूत होते. म्हणून खुणा जमतील तितक्या लांब करा आणि चारही कोपरे मोजा. चार कोनांची बेरीज ३६० अंश यायला हवी. गिलावा फुगलेला असतो, पायाशी सिमेंटचा थर असतो, त्यामुळे एखादा अंश इकडेतिकडे चालतो. पाच अंश चालत नाहीत.

नाल्याकडची बाजू

सोसायटीच्या आवाराची एक बाजू नाल्यालगत किंवा तलावाच्या कडेने वळणं घेत जाते. तिथे त्रिकोण पाडत बसलात तर दिवस जाईल. त्याऐवजी आवाराच्या आत एक सरळ आधाररेषा आखा, दोरी ताणून. मग हद्दीच्या प्रत्येक वळणापासून त्या रेषेवर काटकोनात अंतर घ्या. याला आम्ही ऑफसेट म्हणतो. काटकोनासाठी यंत्र लागत नाही. दोरीवर ३ मीटर, काटकोनाच्या दिशेने ४ मीटर आणि दोन्ही टोकांमधलं अंतर ५ मीटर भरलं की काटकोन झाला.

दोन ऑफसेटच्या मधला तुकडा म्हणजे समलंब चौकोन. दोन्ही ऑफसेटची सरासरी गुणिले त्यांच्यामधलं अंतर. समजा ३० मीटरच्या रेषेवर ०, ६, १४, २२ आणि ३० मीटरला ऑफसेट आले ४.०, ५.२, ६.८, ५.० आणि ३.६ मीटर.

६ × ४.६ = २७.६
८ × ६.० = ४८.०
८ × ५.९ = ४७.२
८ × ४.३ = ३४.४
एकूण १५७.२ चौरस मीटर.

इथेही सरासरीचा मोह होतो. पाचही ऑफसेटची सरासरी ४.९२, गुणिले ३०, झाले १४७.६. जवळपास दहा चौरस मीटर गेले, आणि या वेळी सोसायटीचे गेले. पुनर्विकासात एफएसआय, म्हणजे किती बांधकाम करता येईल ते, प्लॉटच्या क्षेत्रावर मोजला जातो, तेव्हा हे दहा मीटर तसे सोडून देण्यासारखे नाहीत. ऑफसेट ठरावीक अंतरावर न घेता वळणावर घ्यावेत, हे सांगून ठेवते. दर पाच मीटरला ऑफसेट घेतला आणि वळण मधेच राहिलं, तर तेवढा तुकडा हिशोबातून गायब होतो.

निर्देशक असतील तर

टोटल स्टेशनने, म्हणजे कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राने, मोजणी झाली की प्रत्येक कोपऱ्याचे दोन आकडे मिळतात, पूर्वेकडे किती आणि उत्तरेकडे किती. मग कर्ण नको, कोन नको. आकृतीभोवती ओळीने फिरत कोपरे लिहा आणि पहिला कोपरा शेवटी पुन्हा लिहा. इंग्रजीत या पद्धतीला बुटाच्या नाडीचं नाव आहे, कारण गुणाकार तिरके जातात.

पूर्व २, उत्तर १
पूर्व १४, उत्तर ३
पूर्व १७, उत्तर १०
पूर्व ९, उत्तर ८
पूर्व ३, उत्तर १३
पूर्व २, उत्तर १ (पुन्हा पहिला)

आता प्रत्येक ओळीतली पूर्व गुणिले खालच्या ओळीतली उत्तर: ६, १४०, १३६, ११७, ३. बेरीज ४०२. मग उलट तिरकं, प्रत्येक ओळीतली उत्तर गुणिले खालच्या ओळीतली पूर्व: १४, ५१, ९०, २४, २६. बेरीज २०५. फरक १९७, निम्मे ९८.५ चौरस मीटर.

चौथा कोपरा आत घुसलेला आहे, तरी वेगळं काही करावं लागलं नाही. हेच या पद्धतीचं सुख. ती कितीही कोपऱ्यांना चालते, आत घुसलेल्या, बाहेर आलेल्या, सगळ्यांना. अट एकच, कोपरे हद्दीवरून फिरत ओळीनेच आले पाहिजेत. मधले दोन उलटसुलट झाले की रेषा एकमेकींना छेदतात, आणि एक्सेल कसलाही इशारा न देता चुकीचा आकडा देऊन मोकळं होतं. उत्तर उणे आलं तर घाबरू नका, तुम्ही घड्याळाच्या दिशेने फिरलात इतकंच. चिन्ह सोडून द्या. निर्देशक सहा-सात आकडी असतील तर सगळ्यांतून एकच मोठी संख्या वजा करून घ्या, क्षेत्रफळ बदलत नाही आणि कॅल्क्युलेटरचे शेवटचे अंक कापले जात नाहीत.

मोबाईलच्या नकाशावरून अक्षांश-रेखांश घेऊन थेट या सूत्रात घालणारे लोक भेटतात. अंश म्हणजे मीटर नव्हे, आणि दोन्हीकडचा अंश सारखाही नाही. ठाण्याच्या अक्षांशावर एक अंश अक्षांश सुमारे ११०.७ किलोमीटरचा, रेखांशाचा अंश सुमारे १०५ किलोमीटरचा. त्यात मोबाईलचं जीपीएस मोकळ्या आभाळाखालीही काही मीटर इकडेतिकडे दाखवतं. मुरबाडच्या दहा एकरांचा अंदाज घ्यायला ठीक, गावठाणातल्या बारा मीटर रुंदीच्या घराला निरुपयोगी.

घरातल्या घरात

फ्लॅटमधल्या खोलीला इतकं काही लागत नाही. कोपरा कापलेला हॉल असेल तर पूर्ण आयत धरा आणि कापलेला त्रिकोण वजा करा. १८ बाय ११ च्या हॉलचा ३ बाय ४ चा कोपरा कापलेला असेल तर १९८ वजा ६, म्हणजे १९२. सगळ्या खोल्यांची बेरीज करून ती करारातल्या कार्पेट एरियाशी जुळत नाही म्हणून बिल्डरशी भांडायला जाण्याआधी एवढं पाहा: २०१६ च्या रेरा कायद्याच्या व्याख्येत खोल्यांमधल्या आतल्या भिंतींची जागा कार्पेटमध्ये धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. भिंतींची जागा मिळवून मग भांडा.

बागेतला अष्टकोनी चौथरा किंवा गझीबो असेल तर बाजू मोजू नका, समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर मोजा. त्याचा वर्ग गुणिले ०.८२८४. बारा फूट असेल तर ११९.३ चौरस फूट. षटकोनासाठी ०.८६६. बाजू पाच फुटांची असते, तीत अर्ध्या इंचाची चूक क्षेत्राला जास्त भोवते. पूर्ण रुंदीत तीच चूक निम्म्याहून कमी लागते.

टेप आणि आकडे

फूट-इंचात मोजत असाल तर इंचांना बाराने भागून मगच हिशोबाला बसा. ५ फूट ६ इंच म्हणजे ५.५, ५.६ नव्हे. हे वाचून हसू येईल, पण ठेकेदारांच्या बिलांत हे इतकं दिसतं की मी आता बिल हातात आलं की आधी तेच तपासते. चौरस मीटरचे चौरस फूट करायला १०.७६४ ने गुणायचं. ३.२८ हा नुसत्या लांबीचा आकडा.

जुन्या कागदांत एकर, गुंठे, आणे असतात. ३३ फुटांची शंकू साखळी, साखळी बाय साखळी म्हणजे गुंठा, गुंठ्याचे सोळा आणे, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. सातबाऱ्यावर आता हेक्टर, आर, चौरस मीटर. आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा १०१.१७. दोन्ही जवळजवळ सारखे, म्हणून लोक आर वाचून गुंठा म्हणतात. एका गुंठ्याला फरक सव्वा चौरस मीटरही नाही, पण दोन एकरांच्या शेतात तोच शंभर चौरस मीटरच्या जवळ जातो. आपला १३८६ चौरस फुटांचा प्लॉट १२८.८ चौरस मीटर, म्हणजे एक आर एकोणतीस चौरस मीटर.

फायबरचा टेप ताणला की लांबतो, जुना असेल तर फारच. पोलादी टेप वापरा, पावसाळ्यात घरी आल्यावर पुसून गुंडाळा. टोकाचा हुक झिजलेला वाटला तर १० सेंटिमीटरच्या खुणेपासून मोजा आणि शेवटी १० वजा करा, हे टेप धरणाऱ्यालाही आधी सांगून ठेवा. लेसरचं यंत्र घरात उत्तम. मे महिन्याच्या उन्हात त्याचा ठिपका दिसत नाही, तेव्हा समोर पांढरा पुठ्ठा धरायला माणूस उभा करा.

पारसिकच्या उतारावर किंवा येऊरच्या पायथ्याशी काम असेल तर टेप जमिनीला टेकवून मोजू नका. क्षेत्रफळ आडव्या अंतरावर धरतात. पंधरा अंशांच्या चढावर जमिनीलगत १०० फूट मोजले तर आडवं अंतर ९६.६ फूटच असतं. टेप आडवा धरा, टोकाला ओळंबा सोडा आणि पायऱ्यापायऱ्यांनी वर जा. एका पायरीत टेप छातीच्या वर उचलावा लागत असेल तर पायरी लहान करा.

आकृतीवर काय लिहायचं तेही सांगते. प्रत्येक बाजू, दोन्ही कर्ण, उत्तर दिशा, मोजल्याची तारीख आणि माप भिंतीच्या बाहेरून घेतलं की आतून. नऊ इंची भिंत असेल तर आतून आणि बाहेरून घेतलेल्या मापात दीड फुटाचा फरक पडतो, प्रत्येक बाजूला. क्षेत्रफळाचा आकडा पूर्ण चौरस फुटात लिहा. टेपने मोजून १३८५.७८३ लिहिण्यात अर्थ नाही. आणि हे सगळं स्वतःच्या माहितीसाठी, भाव ठरवण्यासाठी किंवा ठेकेदाराचं बिल तपासण्यासाठी. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करा, कोर्टात त्यांचाच नकाशा चालतो. मोजणीच्या दिवशी आपली आकृती मात्र हातात ठेवा, म्हणजे कोणता कोपरा कुठे धरला जातोय ते तुम्हाला तिथल्या तिथे कळेल.